दीड किलोच्या विमानाची लाइन सर्व्हिसिंग

रेडिओवर उडणारं मॉडेल पडलं की पहिला आळ वाऱ्यावर आणि दुसरा रिमोटवर. तुकडे गोळा करून टेबलावर मांडले की बहुतेक वेळा खरं कारण जमिनीवरचंच निघतं. उलटा हलणारा एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी), मागे गेलेला सीजी (विमानाचा तोलबिंदू), रबरी कडी न चढवलेला क्लेव्हिस (कंट्रोलच्या तारेच्या टोकाची चिमटी), नाहीतर दम नसलेला बीईसी (रिसीव्हरला आणि कंट्रोलना वीज पुरवणारा भाग). यातलं काहीच हवेत गेल्यावर दुरुस्त होत नाही, आणि जमिनीवर हे सगळं तपासायला पंधरा मिनिटं पुरतात.

लढाऊ विमानांच्या लाइनवर, म्हणजे ती उड्डाणासाठी तयार होतात तिथे, ही पंधरा मिनिटं कुणाच्या मर्जीवर सोडलेली नसतात. उड्डाणाआधीची सर्व्हिसिंग वेगळी, दोन उड्डाणांमधली टर्न राउंड वेगळी, शेवटच्या उड्डाणानंतरची वेगळी. प्रत्येकीतली कामं ठरलेली, प्रत्येक ट्रेडची (कामाच्या शाखेची) सही स्वतंत्र, आणि सगळं एफ-७०० या विमानाच्या नोंदवहीत. मिग-२१ हवाई दलात १९६३ साली आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झालं. तेवढ्या काळात त्याच्या कितीतरी आवृत्त्या आल्या-गेल्या, सही केल्याशिवाय विमान सोडायचं नाही हा रिवाज तसाच राहिला. आपल्या कोल्हापूर भागात हवाई दलातून निवृत्त झालेली मंडळी काही दुर्मीळ नाहीत. एअरमनचं ट्रेनिंग जिथे होतं ते सांबरा बेळगावला, म्हणजे हायवेने दोन-अडीच तासांवर. मॉडेल उडवायला शिकणाऱ्याने अशा एखाद्या काकांना एकदा माळावर न्यावं. त्यांच्या हातात रिमोट कधी आला नसेल, पण ते विमानाभोवती एक फेरी मारतील आणि ज्या दोन-तीन जागी बोट ठेवतील त्या बहुधा बरोबर असतील.

खालचे आकडे नेहमीच्या शिकाऊ विमानाचे आहेत. पंख वर बसवलेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत १.४ मीटर, रुंदी २३ सेंटिमीटर. बाल्सा आणि प्लायचं अंग, तीन चाकं, बॅटरीसकट वजन १४०० ग्रॅम. मोटर ३५३६ साइजची, ९०० ते १००० केव्ही (व्होल्टमागे मिनिटाचे फेरे). ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) ४० अँपिअरचा, बॅटरी ३ सेलची २२०० एमएएच लिपो, प्रॉप (पुढचा पंखा) १० बाय ५ किंवा ११ बाय ५.५ इंच. शिकायला किलोमागे दीडशे ते दोनशे वॅट भरपूर, म्हणजे इथे साधारण २५० वॅट, २४ अँपिअरच्या आसपास. विमान वेगळं असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

सुरुवात कंट्रोलपासून. हवाई दलात कंट्रोलच्या जोडणीला हात लागला की ज्याने काम केलं त्याच्याशिवाय दुसऱ्याने ती स्वतंत्रपणे तपासावी लागते. मॉडेलवर हेच करायला एक मदतनीस पुरतो, पण पद्धत पाळायची. मदतनीसाने विमानाच्या मागे, शेपटीकडून नाकाकडे बघत उभं राहायचं. रिमोटवाल्याने स्टिक हलवायची, पण काय हलवतोय ते सांगायचं नाही. मदतनीसाने फक्त दिसतं ते बोलायचं: ‘उजवा एलरॉन वर, डावा खाली.’ मग रिमोटवाल्याने म्हणायचं, ‘उजवीकडे दिलं होतं.’ जुळलं तर पुढे. आधीच ‘उजवं देतोय हां’ म्हणून सांगितलं की माणूस न बघताच मान डोलावतो. ही खोड शिकलेल्यांनाही असते, म्हणूनच तर दोन सह्यांची भानगड.

दिशा अशा: स्टिक ज्या बाजूला, त्या बाजूचा एलरॉन वर. स्टिक स्वतःकडे ओढली की एलिव्हेटर (शेपटीवरची आडवी पट्टी) वर. रडर (शेपटीवरची उभी पट्टी) उजवीकडे दिला की त्याची मागची कड उजवीकडे. एलरॉन उलटा होण्याची कारणं ठरलेली आहेत. सर्व्हो (पट्टी हलवणारी छोटी मोटर) बदलला, पंख काढून परत लावताना दोन वायरी अदलाबदल झाल्या, किंवा रिमोटमध्ये दुसऱ्याच विमानाची मेमरी निवडलेली राहिली. शेवटचं सगळ्यात फसवं, कारण एलिव्हेटर आणि थ्रॉटल अगदी नीट चालतात आणि भरवसा बसतो. काही रिमोट चुकीच्या मेमरीवर विमानाशी जोडलेच जात नाहीत, पण सगळे तसे नाहीत.

दिशा झाली की हालचाल. दोन्ही बाजूंना एलरॉन १० मिलिमीटर, एलिव्हेटर १२, रडर २०, आणि हे मोजायचं त्या हलणाऱ्या पट्टीच्या सर्वांत रुंद जागी. एक्स्पो (स्टिक मध्याजवळ असताना हालचाल मऊ करणारी रिमोटची सेटिंग) ३० टक्के. स्टिक शेवटपर्यंत नेल्यावर सर्व्हो गुणगुणत राहिला तर तो कुठेतरी अडून दाब देतोय. तो आवाज म्हणजे करंट, आणि त्याचा हिशेब पुढे बीईसीकडे येतो. मग प्रत्येक कंट्रोलची मागची कड चिमटीत धरून वर-खाली हलवायची. सर्व्हो चालू असताना एक मिलिमीटरहून जास्त खेळ नको. जास्त असेल तर बहुतेक वेळा हॉर्नचं (पट्टीवर तार अडकवायच्या खुंटीचं) भोक झिजलेलं असतं. त्यात गोंद भरू नका, हॉर्न बदला. दीड मिलिमीटरच्या तारेला दीड मिलिमीटरचंच ड्रिल, दोनचं नाही. ढिल्या एलरॉनला वेगात फडफड सुटते, फर्रर्र असा आवाज येतो आणि दोन-चार सेकंदांत बिजागरी उपटून येते. तो आवाज कानावर आला की थ्रॉटल लगेच बंद, नाक किंचित वर, वेग मरू द्यायचा.

क्लेव्हिसवर सिलिकॉन ट्यूबची तीन मिलिमीटर रुंद कडी हवीच. सर्व्होच्या हाताचा मधला स्क्रू बसवलाय का तेही बघा. जुळवाजुळव करताना तो बाजूला काढून ठेवतात आणि तो तिथेच राहतो.

आता सीजी. या पंखाला पुढच्या कडेपासून ५८ ते ६५ मिलिमीटर, म्हणजे रुंदीच्या २५ ते २८ टक्क्यांवर. पहिल्या उड्डाणाला ५८ च्या बाजूला राहा. पंखाखाली दोन बोटं लावून तोलणं चालतं, पण बोटाची जाडीच दीड सेंटिमीटर आणि आपल्याला तर चार-पाच मिलिमीटरचा प्रश्न सोडवायचाय. मोठ्या विमानाचं वजन करताना ते लेव्हल करून तीन बिंदूंखाली काटे ठेवतात. तीन चाकांच्या मॉडेलला स्वयंपाकघरातला एक काटा पुरतो. पुढचं चाक काट्यावर, मागची दोन तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर, अंग सपाट. समजा पुढच्या चाकावर ३०० ग्रॅम आले आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३० सेंटिमीटर आहे. ३०० गुणिले ३० भागिले १४०० म्हणजे ६.४. सीजी मागच्या चाकांच्या आसापासून ६.४ सेंटिमीटर पुढे. तिथून पंखाच्या पुढच्या कडेपर्यंत पट्टी लावा, झालं. मात्र बॅटरी, प्रॉप, स्पिनर सगळं जागेवर हवं.

सीजी हलवायला आधी बॅटरी सरकवा. १८० ग्रॅमची बॅटरी ३ सेंटिमीटर पुढे नेली की सीजी जवळपास ४ मिलिमीटर पुढे येतो. त्याने भागत नसेल तरच नाकात शिसं. शेपटीत केलेली दुरुस्ती इथे फार महाग पडते. सीजीपासून ७० सेंटिमीटर मागे १० ग्रॅम इपॉक्सी वाढलं की ते तोलायला २० सेंटिमीटर पुढे ३५ ग्रॅम शिसं लागतं. नाक जड असलं तर विमान कंटाळवाणं उडतं, उतरताना एलिव्हेटर कमी पडतो, पण परत येतं. शेपूट जड असेल तर एलिव्हेटरचा नुसता श्वास लागला तरी नाक आकाशात जातं, स्टॉल होतं (वेग पडून पंखाची उचल सुटते), आणि नवशिक्याच्या हातून ते सावरत नाही. दोन्हींत निवडायची वेळ आली तर नाक जड घ्या.

बॅटरी कुठे बसली त्याची रेघ अंगाच्या आत मार्करने मारून ठेवा. फक्त वेल्क्रोवर भिस्त नको, वरून पट्टाही हवा. उन्हात वेल्क्रोमागचा चिकट थर मऊ होतो, बॅटरी मागे घसरते, आणि मोजलेला सीजी वहीतच राहतो.

कोल्हापूरच्या हवेबद्दल. पुस्तकांतले आणि डब्यावरचे आकडे बहुधा समुद्रसपाटी आणि १५ अंश तापमान धरून असतात. आपण साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर. एप्रिलच्या दुपारी ३८ अंशाला इथली हवा त्या आकड्यांपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ असते. त्यामुळे या विमानाचा स्टॉलचा वेग साधारण २७-२८ वरून ३० किलोमीटर तासाला जातो. फरक छोटा वाटतो, पण शेवटचं वळण हळू घेणाऱ्याला तो पंख टाकायला पुरतो. प्रॉपचा जोरही त्याच प्रमाणात घटतो. विरळ हवेत मोटरवर भार कमी येतो, म्हणून प्रॉप एक नंबर मोठा घ्यायला जागा असते. घ्यायचा तर वॅटमीटर लावून, अंदाजाने नाही. जानेवारीच्या सकाळी तोच मोठा प्रॉप ईएससीला जड जाऊ शकतो.

स्क्रू-बोल्टचं लॉकिंग हा लाइनवरच्या माणसाचा जिव्हाळ्याचा विषय. ०.८ मिलिमीटरची तार, सेंटिमीटरला दोन-तीन पीळ, आणि ओढ नेहमी बोल्ट आवळायच्या दिशेने. मॉडेलवर तार लागत नाही, विचार तोच लागतो. धातूत धातू जिथे फिरतो तिथे निळं थ्रेडलॉक, एक थेंब. प्लॅस्टिक किंवा नायलॉनजवळ ते नको, प्लॅस्टिकला तडे जातात. प्रॉपच्या नटावर आणि मोटर माउंटच्या चारही बोल्टवर रंगाची बारीक रेघ, नटावरून थेट खालच्या पृष्ठभागावर. रेघ तुटली म्हणजे नट फिरला, पाना लावून बघायची गरज नाही. ऑइल पेंट पुरतं, नेलपॉलिश तर उत्तमच.

हत्यारांची पेटी मोजून न्यायची आणि मोजून आणायची. हँगरमध्ये हत्यार हरवलं तर ते सापडेपर्यंत विमान उडत नाही. बोर्डावर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते ती त्यासाठीच. मॉडेलच्या पोटात राहिलेली अ‍ॅलन की एलिव्हेटरच्या सर्व्होखाली जाऊन बसते, आणि ती नेमकी विमान नाक खाली करतं तेव्हाच सरकते.

बाहेरची घाण आत जाण्याचा प्रकार तर खास आपल्याकडचा. जेटच्या इंजिनात खडा गेला तर ब्लेड जातात. १९८७ साली पुण्याच्या लोहगावला आलेल्या मिग-२९ ला तर जमिनीवर असताना हवा घेण्याची मोठी तोंडं बंद करणारी दारं आहेत, तोवर हवा वरच्या झडपांतून घेतात. मॉडेलच्या मोटरला झडपा नसतात, शिवाय आत चुंबक असतात. प्रॉप अ‍ॅडॉप्टर टर्न करायला किंवा लँडिंग गियरची तार वाकवायला मॉडेल उद्यमनगरातल्या वर्कशॉपात नेलं आणि लेथशेजारच्या टेबलावर ठेवलं, की लोखंडाचा कीस सरळ मोटरच्या घंटीत (फिरणाऱ्या बाहेरच्या कवचात). बाहेरून काही दिसत नाही. प्रॉप काढून मोटर हाताने हळू फिरवा. चुंबकांचे टप्पे एकसारखे जाणवायला हवेत. मध्येच खर्र लागलं तर आत कीस आहे. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तो वायंडिंगमध्ये आणखी खोल जातो. सी-क्लिप काढून घंटी ओढा, मळलेली कणीक किंवा चिकटपट्टी उलटी बोटाला गुंडाळून चुंबकांवर टेकवत टेकवत कीस उचला. फडक्याने पुसलं तर तो इकडचा तिकडे होतो. घंटी परत बसवताना चुंबक खेचून घेतात, तेव्हा बोट मध्ये नको. यापेक्षा सोपा उपाय म्हणजे मोटर घरी ठेवून फक्त शाफ्टचं माप घेऊन जाणं.

विजेकडे येऊ. चार ९ ग्रॅमचे सर्व्हो एकाच वेळी अडून बसले तर प्रत्येकी पाऊण अँपिअर धरून तीन अँपिअर मागतात. स्वस्त ईएससीतला लिनियर बीईसी तेवढं देताना तापतो, व्होल्टेज पडतं, रिसीव्हर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो. तो क्षण जोरदार वळणात आला तर संपलं. तीन अँपिअर सतत देणारा स्विचिंग बीईसी घ्या, आणि मघाशी ऐकलेलं गुणगुणणं बंद करा. बॅटरी ते ईएससी वायर लांबवू नका, ईएससीतले कपॅसिटर त्याने मरतात. लांबी हवीच असेल तर मोटरच्या तीन वायरी वाढवा. रिसीव्हरच्या दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात, कार्बनच्या दांड्यापासून आणि बॅटरीपासून दूर. फेलसेफमध्ये (सिग्नल तुटल्यावर रिसीव्हर आपोआप घेतो त्या स्थितीत) थ्रॉटल शून्य. हे प्रॉप काढून, रिमोट बंद करून प्रत्यक्ष बघायचं. रेंज चेक रिमोटच्या कमी पॉवरच्या मोडवर ३० पावलांवरून, मोटर बंद असताना एकदा आणि अर्ध्या थ्रॉटलला एकदा. दुसऱ्या वेळी कुणीतरी विमान मागून घट्ट धरलेलं हवं. प्रॉपच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही.

इजेक्शन सीटच्या सेफ्टी पिनांना लाल फीत असते आणि ग्राउंड क्रू त्या पिना काढल्यावर पायलटला मोजून दाखवतात. तशीच एक लाल फीत बॅटरीच्या प्लगला बांधा. फीत लोंबत दिसते तोवर विमान मेलेलं, कुणीही जवळ जावं. घरी रिमोटचं प्रोग्रॅमिंग नेहमी प्रॉप काढूनच.

मैदान निवडताना उजळाईवाडीचा विमानतळ आधी आठवा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडणारं २५ किलोपर्यंतचं विमान मॉडेल धरलं जातं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटर उंचीपर्यंत आणि त्यापलीकडे हिरव्या भागात १२० मीटरपर्यंत मोकळीक आहे. गोकुळ शिरगावचा माळ कितीही मोकळा दिसला तरी तो धावपट्टीच्या शेजारचा आहे, तिथे नाव काढू नका. जायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून बघायचाच. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा थांबत नाही, ते दिवस बांधणीचे. फक्त दमट हवेत बाल्सा वाकतो, पंख सपाट फळीवर वजनाखाली ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी नऊपर्यंत उडवायला हवा झकास.

तेव्हाच ऊस मात्र डोक्याच्या वर गेलेला असतो. विमान फडात पडलं की पहिली गोष्ट म्हणजे थ्रॉटल शून्य, नाहीतर पाल्यात अडकलेली मोटर ईएससी जाळते. दुसरी, जागचं हलायचं नाही. जिथे पडलं तिकडे हात करा आणि त्याच रेषेत पलीकडचा विजेचा खांब, नारळ, काहीतरी धरा. सोबत्याने तीस-चाळीस पावलं लांबून दुसरी रेषा धरायची. दोन रेषा छेदतात तिथली सरी मोजून, मालकाला विचारून, त्याच सरीने आत जायचं. सऱ्या ओलांडत गेलात की दिशा सुटते. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट हवेत, पाल्याची कड कापते. सिग्नल तुटला की वाजणारा छोटा बझर रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलला लावला असेल तर निम्मं काम झालं. रिमोट बंद करून कान द्या.

पहिल्या उड्डाणाबद्दल थोडक्यात. वाऱ्याच्या तोंडी उड्डाण, ५०-६० मीटरवर जाऊन ६० टक्के थ्रॉटलला ट्रिम. मग वर असतानाच थ्रॉटल काढून ४५ अंशात डाइव्ह द्या आणि एलिव्हेटर सोडा. झटक्यात वर आलं तर नाक जड, आणखी खाली दडपलं तर शेपूट जड, सावकाश सरळ झालं तर जमलं. खाली दडपलं तर लगेच उतरवा आणि बॅटरी पुढे घ्या.

उतरल्यावर वही. तारीख, बॅटरीचा नंबर, किती मिनिटं, चार्जरने किती एमएएच परत भरले. सहा मिनिटांनंतर १५०० भरले तर मिनिटाला २५०. २२०० चे ८० टक्के १७६०, म्हणजे टायमर सात मिनिटांवर. स्नॅग (दिसलेला दोष) लिहिताना ‘डावीकडे ओढतं’ एवढं लिहू नका. ‘पूर्ण थ्रॉटलला डावीकडे, थ्रॉटल काढल्यावर सरळ’ असं लिहिलं की मोटरला दोन-तीन अंश उजवीकडे कल द्यायचा हे लगेच कळतं. दोन्ही वेळा ओढत असेल तर पंखातला पीळ शोधा. स्नॅग मिटल्याची ओळ खाली येईपर्यंत लाल फीत निघत नाही.

बॅटरी २.२ अँपिअरनेच चार्ज करा, बॅलन्स लावून, समोर बसून, शेजारी वाळूची बादली ठेवून. आठवडाभर उडवायचं नसेल तर सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवा, आणि उन्हाळ्यात बंद गाडीत कधीच नको. पंख रबर बँडने बांधत असाल तर दहा-बारा लागतात, शेवटचे दोन तिरके. घरी आल्यावर ते पुसून टाल्कम पावडरच्या डब्यात टाकायचे. ताणल्यावर बारीक चिरा दिसल्या तर त्यांनी वह्यांचे गठ्ठे बांधा, पंख नाही.